वर गुलाबी, खाली पिवळं

विज्ञान आणि सत्ता समोरासमोर आली की इतिहास घडतो. मी हे फार जवळून पाहिलं आहे. दोघांची गाठ पडली तेव्हा मी हातात चमचा धरून मध्ये उभा होतो. इतिहास घडला नाही. गेस्ट हाऊसचा एक टेबलक्लॉथ खराब झाला.

“हेर्लेकर, तू घेतोस का रे?” उपाध्ये साहेबांनी मला विचारलं.

सकाळचे दहा वाजले होते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, हंगामात ज्या ओट्यावर उसाच्या रसाचे नमुने ठेवतात, त्या ओट्यावर परदेशी दारूच्या सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

“नाही साहेब,” मी म्हणालो. हे साफ खोटं होतं.

“मीही नाही. म्हणजे आपण दोघंही निःपक्षपाती आहोत. चांगलं आहे.”

उपाध्ये साहेब आमचे चीफ केमिस्ट. धर्माने जैन, आणि नुसते जनगणनेपुरते नव्हेत. कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. बाटल्यांपासून चार फूट अंतर राखून, हात पाठीमागे बांधून ते उभे होते. मी त्यांच्या हाताखालचा हंगामी केमिस्ट. हंगामी म्हणजे कारखान्याचं धुराडं पेटलं की पगार सुरू, विझलं की बंद. असे माझे तीन हंगाम झाले होते. साल दोन हजार तीन, महिना मे, धुराडं विझलेलं; साहेबांनी बोलावलं म्हणून बिनपगारी आलो होतो.

ह्या विझलेल्या धुराड्याचा माझ्या लग्नाशी थेट संबंध होता. संपदा खोत आणि मी कॉलेजात असल्यापासून एकमेकांना पसंत होतो. तिचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला एकदा घरी बोलावून चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, “कायम आहात का?” मी म्हणालो, “होईन.” ते म्हणाले, “झालात की या.” चहा अर्धाच झाला होता.

दार ढकलून एमडी डुबल साहेब आत आले. एमडी म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक. त्यांनी खिशातून एक फोटो काढून ओट्यावर ठेवला. मार्चमध्ये संचालक मंडळ अभ्यासदौऱ्यासाठी ब्राझीलला जाऊन आलं होतं. दौऱ्याचा अहवाल चार पानांचा होता आणि त्यात ह्या फोटोचा उल्लेख नव्हता. फोटोत एक बुटका, बोटाएवढा ग्लास होता आणि त्यात दारूचे तीन पट्टे एकावर एक उभे होते. खाली तपकिरी, मध्ये दुधी, वर नारिंगी. एकाचा थेंब दुसऱ्यात नाही.

“हे आज संध्याकाळी गेस्ट हाऊसला पाहिजे,” डुबल साहेब म्हणाले. “एकवीस ग्लास. पण दोनच रंग. गुलाबी आणि पिवळा.”

आम्हाला पुढचं सांगावं लागलं नाही. गेली पंधरा वर्षं आमच्या पंचक्रोशीतली प्रत्येक भिंत एकतर गुलाबी होती किंवा पिवळी. गुलाबी पॅनेल चेअरमन दादासाहेबांचं, पिवळं बापूसाहेबांचं. दोघे सख्खे मावसभाऊ. पंधरा वर्षं एकमेकांच्या घरी जेवायला जात नव्हते. तेराव्याला मात्र जात. आता निवडणूक तोंडावर आली होती आणि दोघांनी समझोता केला होता: लढाई नको, निवडणूक बिनविरोध, पाच वर्षांतली पहिली अडीच वर्षं दादासाहेब चेअरमन, नंतरची अडीच बापूसाहेब. संध्याकाळी सह्या होणार होत्या. त्याच फायलीत चौदा हंगामी कामगारांना कायम करण्याचा ठराव होता. ठरावाला दोन्ही बाजूंची सही लागत असल्याने तो दोन वर्षं नुसता फिरत होता. चौदातला अकरावा मी.

“मध्ये दुधी थर ठेवू का साहेब?” मी विचारलं. “रंग उठून दिसतील.”

“मध्ये कुणी नको,” डुबल साहेब म्हणाले. “मध्ये कुणाला बसवलं की तिसरी आघाडी होते.”

“बरं.”

“आणि गुलाबी वर.”

“साहेब, ते आपल्या हातात नसतं. जे जड ते खाली बसतं, जे हलकं ते वर तरंगतं.”

“मग कोणतं हलकं आहे ते तपासा,” डुबल साहेब म्हणाले, “आणि ते गुलाबी असू दे.”

उपाध्ये साहेबांनी कपाटातून आपला रेफ्रॅक्टोमीटर काढला. त्यांचं हे लाडकं यंत्र. हातात मावणारी नळी. टोकाच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत आकडा दिसतो. साखर जितकी जास्त तितका उजेड जास्त वाकतो आणि आकडा मोठा येतो. साखर जास्त म्हणजे द्रव जड. उसाच्या रसाच्या बाबतीत ह्यात कधीही चूक झालेली नाही. थेंब मी टाकला, कारण साहेब बाटलीला शिवणार नव्हते. डोळाही मीच लावला.

“गुलाबी चौतीस,” मी म्हणालो. ती स्ट्रॉबेरीची लिकर होती. “पिवळं एकेचाळीस.” ही कसल्यातरी डोंगरी वनस्पतींची.

“म्हणजे पिवळं जड,” उपाध्ये साहेब म्हणाले. “खाली पिवळं, वर गुलाबी.” देवाने कौल उजवा दिल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

मी लेटरहेडवर रिपोर्ट टाईप केला. नमुना क्रमांक एक, नमुना क्रमांक दोन, निष्कर्ष. साहेबांनी सही केली, शिक्का मारला. डुबल साहेबांनी तिथूनच फोन लावला. “दादासाहेब, लॅबचा रिपोर्ट आला. शास्त्राप्रमाणे आपण वर येताय.” पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण डुबल साहेब फोनवर बोलताना खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

ते गेल्यावर साहेबांनी माझ्याकडून यंत्राची काच गरम पाण्याने तीनदा धुवून घेतली.

दुपारी बारा वाजता मी गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात रंगीत तालीम सुरू केली. कृती सोपी आहे. खालचा थर ग्लासात ओतायचा. मग चमचा पालथा करून ग्लासाच्या काठाला आतून टेकवायचा आणि वरचा थर त्या पाठीवरून हळूहळू, धार तुटेल इतका हळू सोडायचा. मी पिवळं ओतलं. चमचा पालथा धरला. गुलाबी धार चमच्यावरून उतरली, पिवळ्यावर क्षणभर घुटमळल्यासारखी वाटली आणि सरळ तळाला गेली. जाताना वाटेत सगळ्याला गाजराच्या रसाचा रंग देऊन गेली.

मी पाच वेळा केलं. पाच ग्लास गाजराचा रस झाला. तो टाकून देणं जिवावर आलं म्हणून त्यातले दोन पिऊन टाकले आणि उपाध्ये साहेबांना फोन केला.

साहेब उन्हातून छत्री घेऊन आले. तोवर मी लॅबमधला साधा काचेचा हायड्रोमीटर आणून दोन्ही बाटल्यांत तरंगवून पाहिला होता. हा जुना, अडाणी प्रकार. जड द्रवात वर राहतो, हलक्यात खाली जातो. उजेडाशी त्याला काही देणंघेणं नाही. गुलाबीत तो ताठ उभा राहिला. पिवळ्यात मानेपर्यंत बुडाला.

“दारूपण उजेड वाकवते, साहेब,” मी म्हणालो. “पिवळ्यात दारू दुप्पट आहे. आपण दारूलाच साखर धरून मोजलं.”

साहेबांनी हायड्रोमीटरकडे बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं ते उसाचा रस मोजत होते. उसाच्या रसात दारू नसते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. खरं तर मला पडायला हवा होता. मी घेत होतो.

“म्हणजे रिपोर्ट चुकला,” मी म्हणालो.

“रिपोर्ट वर गेलाय का?”

“फोन तुमच्यासमोरच झाला.”

“मग चुकला नाही.” त्यांनी छत्री मिटली. “हेर्लेकर, सही झाल्यावर रिपोर्ट चुकत नसतो. नमुना चुकतो. नमुना दुरुस्त कर.”

“म्हणजे काय करू?”

“पिवळं जड पाहिजे ना? साखर घाल.”

“साखर?”

“साखर कारखान्यात बसून तू मला साखर म्हणजे काय विचारतोयस?”

मी गेस्ट हाऊसच्या गॅसवर घट्ट पाक केला, फ्रीजमध्ये थंड केला, आणि पिवळ्या लिकरच्या एका बाटलीत थोडाथोडा मिसळत गेलो. दर खेपेला हायड्रोमीटर सोडून पाहायचो. चार वाजता पिवळं गुलाबीपेक्षा जड झालं. मी पुन्हा चमचा पालथा धरला. गुलाबी धार उतरली, पिवळ्यावर पसरली आणि तिथेच राहिली. मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी. खोटं सांगत नाही, त्या दिवसापर्यंत मी हाताने इतकी सुंदर गोष्ट केली नव्हती. साहेबसुद्धा चार फुटांवरून दोन फुटांवर आले.

“बघ,” ते म्हणाले. “रिपोर्ट बरोबर होता.”

सव्वासहाला एकवीस ग्लास हॉलमधल्या लांब टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडून झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मी जेवून येतो. सातला सूर्य मावळतोय. तू आहेसच.”

“साहेब, त्यांनी काही विचारलं तर?”

“रिपोर्ट दाखव,” ते म्हणाले आणि गेले.

साडेसहाला गाड्या लागल्या. संचालक बाहेर व्हरांड्यातच खुर्च्या ओढून बसले. पहिला ग्लास आणि पहिली सही नेत्यांची, असा रिवाज. आत आले फक्त दादासाहेब, बापूसाहेब आणि फाईल घेतलेले डुबल साहेब. दादासाहेब लांब-रुंद, कडक इस्त्रीतले. बापूसाहेब किडकिडीत, खिशाला तीन पेनं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

“ह्ये काय, सरबत हाय?” बापूसाहेबांनी विचारलं.

“सरबत न्हाई बापू, परदेशी हाय. ब्राझीलला असंच देत्यात,” दादासाहेब म्हणाले. ते फार खुशीत होते. “बघ की कसं जमवलंय. वर आमी, खाली तुमी. आन् भांडान न्हाई.”

बापूसाहेबांनी गुडघ्यावर डावा हात ठेवून डोळे ग्लासाच्या रेषेत आणले. पिवळं पाहिलं, गुलाबी पाहिलं, आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, “डुबल, ह्ये कुनाच्या डोक्यातनं आलं?”

“कुणाच्या डोक्यातून नाही बापूसाहेब. शास्त्र आहे. लॅबचा रिपोर्ट आहे.”

“लॅब कुठाय?”

डुबल साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

“कुनाचा रं तू?”

“हेर्लेकर. लॅबमध्ये हंगामी आहे.”

“त्ये न्हाई. कुठल्या पार्टीचा?”

“हंगामींना पार्टी नसते, बापूसाहेब.”

“हुशार हायस. मग सांग, आमी खाली का?”

खिशात रिपोर्ट होता. तो काढून दाखवावा असं मला सांगितलेलं होतं. पण डुबल साहेबांनी टेबलावर ठेवलेल्या फायलीवर बापूसाहेबांचा उजवा हात होता आणि त्या फायलीत अकराव्या नंबरला मी होतो. माणूस खाली असल्याबद्दल त्याला कागद दाखवून समाधान होत नाही, एवढी अक्कल मला त्या वयातही होती. मी म्हणालो, “बापूसाहेब, पिताना वरचं आधी संपतं. खालचं शेवटपर्यंत राहतं.”

बापूसाहेब सावकाश सरळ झाले. त्यांनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा मावसभावाकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ऐकलं का दादा? वरचं आदी संपतंय.”

दादासाहेबांची खुशी गेली. त्यांनी ग्लास हातात घेतला होता तो खाली ठेवला. “डुबल,” ते म्हणाले, “पयली अडीच वर्सं कुनाची लिवलीयत?”

“आपली साहेब. आपणच म्हणालात, पहिली आपली.”

“म्हंजे फुडची निवडनूक लागंल तवा खुर्चीत कोन?”

बापूसाहेब म्हणाले, “मी.”

“आन् मी?”

“तू संपलेला असशील की.”

समझोत्याचा मसुदा तीन आठवडे दोन वकिलांनी वाचला होता. त्यात हे पहिल्याच कलमात होतं. पण ते ग्लासात दिसेपर्यंत दादासाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी फाईल दोन बोटांनी आपल्यापासून ढकलली. ती टेबलावरून घसरत एका ग्लासाला लागली, ग्लास आडवा झाला, आणि पांढऱ्या कापडावर गुलाबी-पिवळं एकत्र पसरत गेलं. कुणीही ते पुसलं नाही. माझं लक्ष फायलीकडे होतं. आणखी चार बोटं सरकली असती तर ती खाली पडली असती.

“ए पोरा,” दादासाहेब मला म्हणाले. “बदल ह्ये. गुलाबी खाली घे.”

“हो साहेब,” मी म्हणालो. पिवळ्याची दुसरी बाटली साखर न घातलेली, जशीच्या तशी होती. तिच्या खाली गुलाबी आपोआप बसलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी स्वयंपाकघराकडे वळलो.

“थांब,” बापूसाहेब म्हणाले.

मी थांबलो.

“गुलाबी खाली घेता येतंय?”

“येतं.”

“मग मघाचं शास्त्र कुठं गेलं?”

डुबल साहेब घाईने म्हणाले, “बापूसाहेब, ते दोन वेगवेगळ्या पद्धती असतात—”

“तुमाला न्हाई इचारलं. ह्याला इचारतोय.”

मी त्या क्षणी दुसरं काही सांगू शकलो असतो का, ह्याचा नंतर बराच विचार केला आहे. सुचलं असतं. मला तेव्हाही गोष्टी सुचायच्या. पण दुपारी प्यालेले दोन ग्लास गाजराचा रस अजून पोटात होते आणि सकाळपासून मला कुणी सरळ प्रश्न विचारला नव्हता.

“रिपोर्ट चुकला होता,” मी म्हणालो. “मुळात गुलाबीच जड आहे. पण वर गुलाबी असा फोन झाला होता. म्हणून पिवळ्यात साखर घातली.”

बापूसाहेब खुर्ची ओढून बसले.

“म्हंजे रिपोर्ट आदी,” ते म्हणाले, “आन् साखर मागनं.”

“होय.”

“असं.” त्यांनी खिशातल्या तीन पेनांपैकी एक काढून पुन्हा ठेवलं. “आन् उतारा?”

शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते, त्याला उतारा म्हणतात; किलोचा दहावा भाग म्हणजे एक पॉइंट. शेतकऱ्याच्या उसाचा दर त्यावर ठरतो. उतारा चोरला जातो, असं बापूसाहेब पंधरा वर्षं प्रत्येक वार्षिक सभेत ओरडत होते, आणि प्रत्येक सभेत त्याच वाक्यावर माईक बंद पडत होता. आज खोलीत माईक नव्हता.

“उताऱ्यात काय घालता?” त्यांनी विचारलं.

डुबल साहेब माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की त्यांच्या डोळ्यांत मी संपूर्ण ठराव वाचू शकलो असतो, माझं नाव खोडून. दादासाहेब भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीकडे पाहत होते. उपाध्ये साहेब ह्या वेळी ताटावर असणार.

“उताऱ्यात घालावं लागत नाही, बापूसाहेब,” मी म्हणालो. “कमी लिहावं लागतं.”

“किती?”

“तीन-चार पॉइंट.”

“रोज?”

“रोज सकाळी.”

“कोन लिवतंय?”

“मी.”

तीन हंगाम मी हेच काम करत होतो. सकाळी उपाध्ये साहेब विचारायचे, “किती आला?” मी सांगायचो. ते म्हणायचे, “चार सोडून लिही.” मी लिहायचो, ते सही करायचे, आणि सही झाल्यावर रिपोर्ट चुकत नसतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. संपदालाही नाही.

“घरचा ऊस हाय का?” बापूसाहेबांनी विचारलं.

“दीड एकर आहे. वडील बघतात.”

“कुठं घालता?”

“इथंच.”

बापूसाहेबांना हसू आवरेना. खांदे हलायला लागले. त्या संध्याकाळी ते सर्वांत जास्त हसले ते ह्यावर. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, दार उघडेल, व्हरांड्यात जाईल, आणि पंधरा वर्षं अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करेल. फाईल टेबलावर राहील. खोतसरांचा चहा अर्धाच राहील. आणि खरं सांगायचं तर मला थोडं हलकंही वाटलं.

बापूसाहेबांनी डोळे पुसले.

“दादा.”

“बोल.”

“तीन-चार?”

“तुला म्हाईत हुतंच की.”

“अंदाज हुता. मी दोनच धरत हुतो.” त्यांच्या आवाजात आपण पंधरा वर्षं कमी ओरडलो ह्याची खंत होती. ते बोटाने टेबलक्लॉथवरचा ओला डाग लांबवत होते. “अडीच वर्सांनी खुर्चीत मी.”

“लिवलंय तसं.”

“तवा लॅबला कोन असंल?”

दादासाहेबांनी तसबिरीवरून नजर काढून माझ्याकडे वळवली. मला पहिल्यांदाच नीट पाहिल्यासारखी. “हाच असंल की. कायम केला तर.”

“तर काय तर? असला मानूस हंगामी ठेवत्यात व्हय?” बापूसाहेब म्हणाले. “हंगामी मानूस सा म्हैनं आत असतोय आन् सा म्हैनं भाईर. भाईर बसून लई बोलतोय. आत घ्या त्याला. डुबल, कितवा हाय ह्यो?”

“अकरावा.”

“पयला करा.” मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी घरच्यासारखं विचारलं, “लगीन झालंय का रं?”

“ठरायचंय.”

“ठरंल.”

मी स्वयंपाकघरात गेलो. दोन्ही पिवळ्या बाटल्या काढल्या, साखरेची आणि बिनसाखरेची. दहा ग्लास गुलाबी खाली ठेवून केले, दहा पिवळं खाली ठेवून. हात आता चांगला बसला होता. एकही रेघ हलली नाही. ज्याने त्याने आपापला ग्लास घेतला आणि आपण खाली आहोत ह्याची खात्री करून घेतली. करारात एक अक्षर बदललं नव्हतं, पण दादासाहेबांचं समाधान झालं. सह्या झाल्या. एकविसावा ग्लास डुबल साहेबांचा. त्यांना कोणता देऊ ते मला कळेना. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, ग्लास ढवळला, आणि गाजराचा रस एका घोटात पिऊन टाकला.

सव्वासातला उपाध्ये साहेब बडीशेप चघळत परत आले. हॉलमध्ये सगळ्यांचे आवाज चढले होते. साहेब दारातच उभे राहिले.

“काही विचारलं का?”

“विचारलं.”

“रिपोर्ट दाखवलास?”

“नाही साहेब. गरज पडली नाही.”

“बघ,” ते म्हणाले. “उगाच घाबरतोस.”

सोमवारी ऑर्डर हातात आली. खोतसरांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, उलटी करून मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली आणि आतल्या बाजूला पाहून चहा टाकायला सांगितलं. जूनमध्ये लग्न झालं. बापूसाहेब आले होते, दादासाहेबांनी पाकीट पाठवलं. ऑक्टोबरात धुराडं पेटलं. त्या हंगामात उपाध्ये साहेब निवृत्त झाले आणि उताऱ्याच्या रिपोर्टवर मी सही करायला लागलो.

पुढे दोन हंगामांनी कारखाना बंद पडला. माझ्या सहीचा एकही रिपोर्ट चुकला नव्हता.